साठ मिलीची बाटली

ठाण्याच्या कोर्टात पंखा फिरतो
आणि खाली कुणालाच वारा लागत नाही.
पुकारा होतो, साक्षीदार नंबर अकरा.
तो मी. हरेश्वर ठोसर,
घणसोली गावठाणात औषधाचं दुकान,
पिठाच्या गिरणीला लागून.

पोराला शाळेच्या गेटवरून उचलणारे
एक आणि दोन.
त्यांना मी कधी पाहिलं नाही.
तीन नंबरने खंडणी लपवली:
माळ्यावर, गेल्या वर्षीच्या मखरात,
थर्माकोलच्या खांबांच्या पोटात
पाचशेची एकोणीस बंडलं.
पंच सांगून गेला, नोटांना पांढरे दाणे चिकटले होते,
मोजताना बोटांना लागायचे,
झटकले तरी जायचे नाहीत.

चार नंबरने आसरा दिला.
चार नंबर म्हणजे द्वारका भोईर.
बारा वर्षं माझं गिऱ्हाईक,
नवऱ्याच्या शुगरच्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला,
उधारी एकदाही नाही.

तिचा वकील म्हणतो, तिला माहीत नव्हतं.
भाऊ आला, बरोबर दोघे मित्र,
वरची खोली मागितली, दिली.
भावाला कोण नाही म्हणतं?
कडी बाहेरून होती, हे खरं.
कडी काय, मांजरासाठीही लावतात.

मग माझ्या हातात बिल देतात.
अक्षर माझंच.
रात्रीचे नऊ पन्नास,
तापाचं सिरप, लहान मुलांचं, साठ मिली, एक.
चाळीस रुपये.

"आरोपीच्या घरात लहान मूल आहे?"
नाही.
मुलगी पेणला दिलीय, तिची कूस अजून उजवली नाही,
त्याच्याही गोळ्या माझ्याकडूनच जातात.
हे मी बोललो नाही. विचारलं नव्हतं.

"तुम्ही तिला काय विचारलंत?"
वय किती.
म्हणाली, आठ आसंल.
आणि वजन?
तिने दोन्ही हात पुढे केले,
हवेत काहीतरी उचलून पाहिलं,
जरा थांबली.
हलका हाय, म्हणाली. जेवत नाय.

टंकलेखकाला हात टाइप करता येत नाहीत.
नोंद झाली:
आरोपीने वजन सांगितले नाही.

सरकारी वकील बाई खाली बसल्या.
कडी तिनेच लावली, हे काही सिद्ध होत नव्हतं.
तिला माया आली, एवढं झालं,
आणि तेवढं पुरलं.
ताप ठाऊक, म्हणजे पोर ठाऊक.

पोरगा मागच्या तारखेला येऊन गेला.
चेहऱ्याने ओळखलं नाही, डोळे बांधलेले होते.
म्हणाला, एक बाई होती,
औषधाच्या चमच्यावर फुंकर मारायची.
गार औषधावर.

उलटतपासणी.
"तेव्हा तुम्हाला संशय आला नाही?"
नाही, मी म्हणालो.
शपथेवर.

दुकान बंद करत होतो, शटर अर्धं खाली.
शटरवर त्या पोराचा फोटो,
चौकीतल्या हवालदाराने सकाळीच चिकटवलेला,
निळा शर्ट, पुढचा एक दात पडलेला.
ती त्या फोटोखालून वाकून आत आली.
कुणाचं पोर गं,
एवढं जिभेवर आलं होतं.
मी दहाची नोट शोधली, सुट्टे दिले.
ती वाकून बाहेर गेली.

पोलीस तिसऱ्या दिवशी आले, बाटली घेऊन,
अर्धी संपलेली.
मधल्या दोन्ही रात्री मी शटर ओढलं
एका कडेला धरून,
फोटोला हात लागू नये असं.

सही करा, म्हणाले. केली.
बाहेर व्हरांड्यात ती समोरून आली,
शेजारी महिला पोलीस, हातात तिच्याच पदराचं टोक.
मला वाटलं, शिव्या देईल.
"शेट," म्हणाली, "यांच्या गोल्या सरल्या आसतील.
घरात कोन नाय बघायला."

सकाळचीही, रात्रीचीही?
मी विचारलं.
तेवढं विचारता आलं.