अर्धी पट्टी

कुंडीच्या काठावर पांढरं चढलंय.
खरवडलं तर नखात बसतं,
चाटलं (हो, चाटलं) तर खडूची चव.

जालन्यात आमच्या कॉलनीचा बोअर साडेतीनशे फूट.
इतक्या खोलातून वर येताना
पाणी एकटं येत नाही,
दगडाचा घास गालात धरून येतं.
साबणाला फेस नाही, तुरीची डाळ शिजता शिजत नाही,
आणि अनंताची पानं पिवळी.
शिरा तेवढ्या हिरव्या,
नकाशातल्या नद्यांसारख्या,
ज्यांना पाणी नकाशातच असतं.

"खत घाला, मावशी," नर्सरीतला पोरगा म्हणाला.
म्हटलं, बाबा, लोह मातीत हाये की.
त्याला कुलूप लागलंय.
पोरगा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

अठ्ठावीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्या मी.
केवळाबाई दाभाडे, परिचर,
रसायनशास्त्र, तळमजला.
निरोपाच्या दिवशी शाल, नारळ,
आणि पिशवीच्या तळाशी
तारीख उलटून गेलेली, कुणी न मोजलेली
पीएच पट्ट्यांची एक डबी.
चोरी म्हणा. प्राचार्यांना कळवा.

बुडवली. निळसर हिरवी. आठाच्या वर.
आधी मोसंबी पिळून बघितली, आपल्या गावची म्हणून.
गोड बोलून काही होईना.
मग लिंबू. बादलीला एक: ढिम्म.
दुसरं: जरा डगमगलं.
तिसऱ्याला पट्टी पिवळी झाली.
सहा.
भिंतीवरून नुजहत आपा:
"झाडां कू शरबत पिलारे क्या, बाई?"

आठावरून सहावर म्हणजे दोन पायऱ्या नव्हेत.
एक पायरी दहापट. दोन पायऱ्या शंभर.
हे मी दाराशी उभी राहून ऐकलंय,
हातात ओल्या नळ्यांचा ट्रे,
पुढच्या तासाची घंटा व्हायची होती.
बाकांवरच्या सगळ्यांना सर विचारत गेले, कळलं का?
मला कुणी विचारलं नाही.
कळलं होतं.

मोगरा मात्र मीच मारला.
त्या दिवशी लिंबं दहाला दोन झाली होती,
फरशी धुवायच्या ॲसिडचं झाकण बादलीत उपडं केलं,
पट्टी वाचवायची म्हणून बुडवली नाही.
तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा चहासारख्या.
कळ्या होत्या हो.
ती कुंडी पालथी घातलीय,
तिच्यावर बसून मी संध्याकाळी पट्ट्या मोजते.

पाणी पण हट्टी.
आज सहावर आणून ठेवा,
परवा बघा, गुपचूप साताकडं सरकलेलं.
म्हणून कालवलं की लगेच घालायचं.
शिळं ठेवायचं नाही.

आता बाटल्या येतात दारी.
टँकरची, नळाची (नळ आठवड्याने),
डॉक्टरांच्या एसीतून ठिबकलेली.
त्या एसीच्या पाण्यात काहीच नसतं, ना दगड ना चव,
अनंताला तेच आवडतं. उन्हाळाभर मी बादली लावून ठेवते.
पट्ट्या तेरा उरल्या होत्या.
कात्रीनं उभ्या कापल्या: सव्वीस.

काल आपा आली, पल्ल्याखाली बाटली.
अंबडला तिच्या माहेरची विहीर
रस्त्यात जातेय, सोमवारी बुजवणार.
"झाड के लिए नै. बस देखना है, कितना है."
मी डबी उघडली.
अर्धी पट्टी, दोघींची डोकी एका पेल्यावर.
हिरवा रंग हळूहळू उमटला.
सात असेल, साडेसातही असेल,
जुन्या पट्टीचं काय सांगावं.

"सात," म्हटलं.
"पास हुआ?"
"झालं. झाकण घट्ट लाव."