सामान विकणे आहे

फ्रिज गेला. गाद्या गेल्या.
वॉशिंग मशीन खालच्या मोतालिब टेलरने
सहा रियालला नेलं, पाईप विसरून.
उरलेलं परकारभाईंनी चटईवर मांडलंय,
निझव्यातल्या दुसऱ्या मजल्यावर.
काढलेल्या एसीच्या भोकातून ऊन येतंय
नेमकं हार्नेसवर.

"बघून घे. तू चढणारी, तुला भाव लावत नाही."

बघते. हे बघणंही त्यांनीच शिकवलंय.
कॅराबिनर कानाशी धरायचा, फाटक उघडून सोडायचं:
टक् कोरडा यायला हवा,
भातात खडा लागल्यासारखा नाही.
मग बोट फिरवायचं आतल्या वळणावरून.
दोर घासून तिथे खोबण पडते,
विहिरीच्या काठाला पडते तशी.
अकरा ठीक. बारावा बाजूला.

हेल्मेट उलटं करायचं. तडा आतून बोलतो.
याचा पोचा वादी बनी औफचा,
वरून बकरीने लाथाडलेला धोंडा.
त्या बकरीची गोष्ट मी चौदा वेळा ऐकलीय,
आज पंधराव्यांदा ऐकते
आणि हेल्मेट बाजूला ठेवते.
"एकदा वाचवलंन ना, झालं त्याचं काम,"
ते स्वतःच म्हणतात.

हार्नेसच्या शिवणीतून लाल धागा डोकावतोय.
आत मुद्दाम घालतात तो,
दिसला की समजायचं.
"आमच्यात पण घालायला हवा होता,"
गुडघा चोळत परकारभाई.

क्रॅशपॅड मात्र नेणार.
एका कोपऱ्यात फोम बसलाय,
तरी दोन पॅडमधली फट झाकायला पुरे.
घोटा फटीतच मोडतो.
माझ्या डाव्याला विचारा.

मग दोर.
साठ मीटर. निळा होता,
आता शाळेच्या जुन्या गणवेशासारखा.
चिमटीतून वीत वीत सोडते, वाकवून बघते,
कुठे मऊ लागतोय का,
कुठे गाभा तुटून नुसतं साल उरलंय का.
वीस मीटर. चाळीस. साठ.
कुठेच काही नाही.

तरी विचारते, "डिकीत किती उन्हाळे?"
ते गप्प.
"जुनी बॅटरी त्याच डिकीत होती ना?"
बाहेर लाउडस्पीकरवर कोणीतरी घसा साफ करतं,
अजून अजान नाही.
"माझ्याशिवाय कोणी पडलं नाही त्यावर," ते म्हणतात.
किती वेळा पडलात?
"मोजत बसलो असतो तर चढलो असतो काय!"

मी दोराची वेटोळी करून त्यांच्या मांडीवर ठेवते.
बोलत नाही. नियम त्यांचाच आहे,
पहिल्या शुक्रवारी, एका ठेंगण्या खडकाखाली सांगितलेला:
ज्याचे उन्हाळे ठाऊक नाहीत
त्या दोराला जीव बांधू नये.

बराच वेळ रुसून बसतात.
मग स्वयंपाकघरातून मासे कापायची सुरी आणतात.

तीन तीन मीटरचे तुकडे.
प्रत्येक टोक लायटरवर. जळक्या नायलॉनचा वास,
मेणासारखा थेंब, बोटाला चटका, एक शिवी.
साखरतरला जाणारे कार्गोचे सात खोके:
पितळी भांडी, खजूर, ब्लँकेटं,
चाकं सोडवलेली नातवाची सायकल.
मी दाबून धरते, ते आवळतात.
खोक्यालासुद्धा आठाचीच गाठ,
दुहेरी माघारी फिरवून, शेपूट हातभर.
"तपास," म्हणतात, सवयीने.
मी बोट ठेवत मोजते:
दोन, दोन, दोन, दोन, दोन.
पाच जोड्या.
"तपासलं."

परतीचे दोर कापून माणसं लढायला उभी राहतात
असं शाळेत शिकले होते.
इथे हा माणूस घामाघूम,
परतायचं म्हणून दोर कापतोय.

शेवटच्या खोक्याला दारावर थाप.
मोतालिब. पाईप न्यायला आलाय.
सुताराच्या भुशासारखे निळे तंतू जमिनीवर बघतो,
वाकून एक उरलेला तुकडा उचलतो,
कापड पारखतात तसा चिमटीत चोळतो.

"पक्का माल आहे, भाई."

परकारभाई सुरी पुसत म्हणतात, "होता."
आणि पाईप शोधायला आत जातात.