सावळघाटात पेट्रोल उकळतं

देवळालीच्या लिलावात जीप घेतली तेव्हा
बॉनेटवर तोफखान्याचा हिरवा अजून होता,
आणि एक आकडा, अर्धा खरवडलेला.
सुभेदार म्हणाला, मॅडम, हिला डोंगराची भीती नाही.
उन्हाचं तो काही बोलला नाही.

एप्रिल. पेठचा रस्ता. घाटातलं तिसरं वळण.
आधी एक आचका, मग दुसरा,
मग नुसता टायरांचा आवाज,
तोही थोडाच वेळ.
टाकी अर्धी भरलेली. ठिणगी शाबूत.
मधल्या वीतभर नळीत
पेट्रोल उकळून गेलं होतं
जळायच्या जागी पोचण्याआधीच.

पंप बिचारा ढकलत राहतो.
पण वाफ ढकलली की नुसती दबते,
पुढे सरकत नाही.

मी शिव्या दिल्या. स्टार्टर मारून मारून
बॅटरी अर्धमेली केली.
करवंदांच्या पाटीमागून बुधीबाई म्हणाली,
"तापलंय ना ते? मंग बस की."
तिच्या फडक्याला माझं पिण्याचं पाणी पाजलं,
पंपाला गुंडाळलं.
फडकं चर्र बोललं. आम्ही दोघी नाही.
दोन द्रोण करवंदं, जांभळी बोटं, चाळीस मिनिटं,
आणि जीप पहिल्या चावीला लागली,
जणू बंद पडले होते ती मीच.

द्वारकेजवळ दगू मिस्त्रीनं नळीवर बोट ठेवलं
आणि चटकन काढलं.
"सायलेन्सरच्या मानेला चिकटवून कुणी नेली ही?
चुलीपाशी बर्फ ठेवायचा
आन् वितळला म्हणून रडायचं!"

दोन दिवस लागले.
नळी लांबून, चासीच्या कडेकडेनं नेली.
कार्बोरेटरखाली बेकलाइटचा जाड ठोकळा,
तेलाच्या डब्याचा पत्रा कापून मध्ये आडोसा,
आणि टाकीकडे परत जाणारी एक बारीक नळी.
"जादा झालं त्याला माघारी जाऊ द्यावं, मॅडम.
खोळंबलं की तापतं."
मी लाकडी चिमट्यांचं विचारलं,
नळीला ओळीनं लावतात म्हणे.
तो हसला. "लावा की. वाईट काई नाई.
पण वाळत काय घालणार तिथं?"
बिल बाविसशे चाळीस.
पाचदा पाजलेल्या चहाचे त्यानं धरले नाहीत.

मे संपत आलेला. तेच वळण.
पाय ॲक्सिलरेटरवर हलकाच ठेवला,
कान नळीवर.
वळण मागे पडलं तेव्हा कळलं
की मी श्वास धरून होते.

बुधीबाईची जागा रिकामी. करवंदं संपलेली.
तिचं फडकं धुऊन, घडी घालून आणलं होतं.
इंजिन बंद करायची हिंमत झाली नाही.
तसंच चालू ठेवून उतरले,
फडकं तिच्या बसायच्या दगडावर ठेवलं,
वाऱ्यानं उडू नये म्हणून वर धोंडा.

दुसरं एक, ओलं, माझ्या सीटखाली आहे.
दगू मिस्त्रीला सांगितलेलं नाही.