दहा पौंडांचं पेट्रोल

आमच्या पंपाला छप्पर नाही.
अटलांटिकवरून सुटलेला वारा
टोपी नेतो, पावती नेतो, कधी कधी गिऱ्हाईकाचा शब्दही.
अठरा वर्षं मी त्याच्याकडे पाठ करून उभी आहे
आणि आकडा फिरताना लोकांची तोंडं बघते आहे.
या बेटावर माणूस
चर्चमध्येसुद्धा इतका खरा नसतो.

मर्डिना मॅकॉले, वय एक्याऐंशी,
महिन्यातून एकदा येते.
"दहा पौंडांचं," म्हणते. कधीच "फुल" नाही.
तिची हिरवी गाडी रविवारी चर्चला जाते,
एखाद्या मंगळवारी दुकानात,
बाकी दिवस कोंबड्या बॉनेटवर बसून ऊन शोधतात.
कर मात्र वर्षाचा, अख्खा,
जणू गाडी झोपेतही रस्ता झिजवते.
पूर्वी निदान काचेवर लावायला
कागदाची गोल चकती मिळायची,
पोस्टातल्या बाईच्या अक्षरात गाडीचा नंबर.
त्या सगळ्या तिने बिस्किटांच्या डब्यात ठेवल्यात.
आता पैसे जातात, चकती येत नाही.

निवृत्त मास्तर एचन
माझ्या पंपालाच फळा समजतो.
"रस्त्याचा कर काढून टाका, तेलावर लावा.
जो जाळेल तो भरेल.
जो उभा, त्याला माफी."
धुळीच्या काचेवर बोटाने भागाकार करून दाखवतो.
उत्तर बरोबर येतं. मास्तरचं येणारच.
मी नळी हलवत म्हणते,
मास्तर, ज्याचं जळतं त्यालाच कळतं.
त्याला वाटतं, मी त्याच्या बाजूची.

पण त्याच वेळी ईशबेल आत शिरते,
इंजिन बंद न करताच.
मग मी ओरडते, मग ती बंद करते.
डिस्ट्रिक्ट नर्स. दिवसाला नव्वद मैल.
मागच्या सीटवर पट्ट्या, इन्सुलिन, कुणाचे तरी चष्मे,
आणि एक सँडविच, सकाळपासून अर्धंच.
मैलाचे पैसे मिळतात तिला,
पण ते लंडनच्या मैलाचे.
आमच्या मैलात चढ असतो,
आणि आमचं तेल बोटीने येतं,
येता येता महाग होऊन.

हॉलमध्ये सभा झाली.
खासदाराला पत्र पाठवायचं,
सह्या हव्यात, चहा आहे.
एचनने मांडणी केली. टाळ्या पडल्या.
कुणी म्हणालं, तेल वाढलं तर पावही वाढेल,
कुणी म्हणालं, पाव तसाही शिळाच येतो.
पार्सलवाला डोनल उठून बाहेर गेला, सिगारेट नसताना.

कागद मर्डिनापुढे आला.
तिचाच तर फायदा,
आम्ही सगळ्यांनी हिशोब केला होता तिचा,
तिला न विचारता.
तिने चष्मा लावला, वाचलं,
पेन उघडलं, पुन्हा बंद केलं.
"ईशबेल तेल जाळते," ती म्हणाली,
"ते कोणासाठी?
ती माझ्या गुडघ्यासाठी येते, बुधवारी आणि शनिवारी.
माझी गाडी उभी आहे
कारण तिची पळते.
मग मी किती मैल धावले, मास्तर?
मांडा."

एचनकडे खडू नव्हता.
कुणीतरी चहा ओतू लागलं.
वड्याचं तेल वांग्यावर निघतं हे माहीत होतं सगळ्यांना,
पण वडा कोण, वांगं कोण,
ते त्या रात्री ठरलं नाही.
पत्र गेलं की नाही, मला माहीत नाही.
मी स्वतः सही केली होती, हेही सांगून टाकते.
माझीही गाडी बहुतेक उभीच असते.

काल मर्डिना आली.
मी नळी लावली, पाठ वाऱ्याकडे केली.
आकडा नऊ पौंडांवरून हळूहळू सरकत गेला
आणि माझं बोट घसरलं:
दहा पौंड तीन पेन्स.
तिने पर्स उघडून
तीन नाणी एकेक करून
माझ्या तळहातावर ठेवली,
आणि विचारलं,
"यातलं रस्त्याला किती जातं?"

मेंढ्यांचा एक कळप
तोवर रस्ता अडवून बसला होता.
त्यांना काहीच भरावं लागत नाही.
आम्ही दोघी त्यांच्या उठण्याची वाट बघत राहिलो.