पान ४१ बघा

मला काम दिलंय ते असं:
कोडमधल्या प्रत्येक ओळीला वहीतलं तिचं पान दाखवायचं,
आणि पानाला त्याची ओळ.
कुठूनही निघालं तरी माणूस पोचला पाहिजे.

कोड मल्लेशम येमूल यांचा, वीस वर्षांपूर्वीचा,
अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात
मागांच्या खटखटीत बसून लिहिलेला.
स्वतःच्या की-बोर्डचा आवाज
त्यांना कधी ऐकू आला नसणार.
वही हिरव्या रेक्झिनची. वाक्यं मराठी, आकडेमोड तेलुगू,
कोपऱ्याकोपऱ्यात तेलाचा अंगठा.
येमूल आता नाहीत. विचारायचं तर वहीलाच.

तीन दिवस सोपे गेले.
आठवड्याचा पगार: पान नऊ.
सुताचं वजन: सोळा, आणि उरलेलं सतरावर.
मध्येच वीज गेली तर: बावीस,
तिथे समासात फक्त, "जाते."

चौथ्या दिवशी ओळ आठशे बारा.
माग सात असेल
तर दर शंभर पिकांना दोन जादा धर.
शेजारी शेरा: पान ४१ बघा.

वहीत चाळीसनंतर बेचाळीस.

माझी आई नीलम नगरात बीम जोडायची.
संपत आलेल्या बीमचं एकेक टोक
नव्या बीमच्या एकेका टोकाला,
दोन हजारांवर गाठी, फणीतून निसटतील इतक्या बारीक.
एखादी चुकली तर गं?
"कापड सांगतंय की," ती म्हणायची,
"पर लई उशिरा."

म्हणून ओळ पुसली नाही.
ऑफिसातून उठून खाली शेडमध्ये गेले.

सात नंबरला रेवणसिद्ध होता.
माग नवा, रेपियर, जुना कधीच भंगारात गेलेला,
नंबर मात्र जागेला चिकटून राहिला.
पान एकेचाळीस खांबावर होतं,
प्लास्टिकखाली, कापसाच्या लवेत,
वर हळदकुंकवाची बोटं.
"खंडेनवमीला सगळ्या मशिनींसंगट ह्याचीबी पूजा करतो," तो म्हणाला,
"देवाचं कायतरी असंल म्हणून."

बाहीनं पुसलं, वाचलं:
"सातचा मीटर शंभरात दोन पिकं गिळतो.
लक्ष्मीनरसू दासरीचं नुकसान नको.
मीटर बदलेपर्यंत. म. येमूल"

मीटर बदलला.
माग बदलला. दासरीही
सुटून गेला, मुलाकडे, भिवंडीला.
आठशे बारा तेवढी
दर शुक्रवारी इमानानं दोन जादा धरते
आणि ते रेवणसिद्धच्या पाकिटात पडतात.
त्याला वाटतं, सात नंबरचा हात चांगला.

मी त्याला सांगितलं नाही.
मग सांगितलं.
तो खांबाकडे बघत राहिला, मागाकडे,
तुटलेला एक धागा जोडून आला,
आणि म्हणाला, "म्हंजे देवाचंच की."

वर आले. शेठना सोमवारपर्यंत सगळं जोडलेलं पाहिजे.
पुसणं माझ्या कामात नाही, खोटं लिहिणंही नाही,
पण दुवा म्हणजे बोट दाखवणं, हे मला पहिल्या दिवशी
कुणी बोललं नव्हतं.

पानाचा फोटो काढून टाकता आला असता,
एका क्लिकवर उघडला असता,
शेठच्या थंड केबिनमध्ये.
फोटो काढला नाही.
दुव्याच्या जागी पत्ता टाइप केला:

ओळ ८१२ चं कारण: शेड दोन, डावीकडून तिसरा खांब.
मीटर आता नाही. ओळ आहे.
वाचायला स्वतः यावं लागेल.
माग चालू असतो, तेव्हा मोठ्यानं बोला.
तिथल्या माणसाचं नाव रेवणसिद्ध.