मुठीचं माप

बुटांच्या खोक्यात सात जोड आहेत मुठींचे,
चार वर्षांत जमलेले. व्हर्लिन ह्रुस्काच्या गॅरेजात
मी ते बाकावर मांडते,
डॉक्टरसमोर जुने रिपोर्ट मांडावेत तसे.
तो तिकडे बघतसुद्धा नाही.
म्हणतो, हात दाखव.

मी तळवा पुढे करते. रेषांशी त्याला काम नाही.
लाकडी पट्टीनं तो मोजतो
अंगठ्याच्या बेचक्यापासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत.
"आखूड," म्हणतो. "बरं आहे. आखूड हात खोटं बोलत नाही."
हे ज्ञान की धंद्याचं बोलणं, कळायला मार्ग नाही.

पहिला जोड रबराचा.
रबर धरलं की सोडत नाही. गुण तोच, खोडही तीच.
घाईत हात वाकडा पडला
तर शेवटच्या गोळीपर्यंत वाकडाच,
माझ्या पहिल्या लग्नासारखा.

दुसऱ्याला बोटांसाठी खाचा.
कुणाच्या बोटांसाठी, ते दुकानात विचारायचं राहिलं.
माझं मधलं बोट दर वेळी उंचवट्यावर,
परक्याच्या खुर्चीत अर्धं टेकलेलं.

तिसरा रोजवुड, देखणा आणि जाड.
चापापर्यंत बोटाचं नुसतं टोक पोचतं,
आणि त्या लांबलचक ओढीत
नळी डावीकडे सरकते. केसभर.
वीस यार्डांवर केसाची वीत होते.

चौथ्याची नक्षी तळव्याची सालं काढते.
पाचवा आणि सहावा एकच आहेत,
सहावा घेताना पाचव्याची आठवण नव्हती.

सातवा तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेला:
रिव्हॉल्वरबरोबर कारखान्यातून आलेला साधा अक्रोड,
पहिल्याच दिवशी उतरवून ठेवलेला.
व्हर्लिन नेमका तोच उचलतो.

फिरकीची घरं रिकामी आहेत, मी बघते, तो बघतो,
परत मी बघते. मग स्क्रू.
"समोर कॅलेंडर. पंधरा तारखेवर रोख. डोळे मिट.
हात खाली. वर. आता उघड."
माशी चौदावर.

तो मूठ काढतो, कानस चालवतो, फुंकर मारतो.
माशी दोन तारखांमधल्या रेघेवर.
पुन्हा कानस. बाहेर लूप नदीवरून येणारा वारा
पत्र्याच्या दाराशी हुज्जत घालतोय.
डाव्या फळीचा वरचा कोपरा तो
नखाच्या कोरीएवढा उडवतो,
गोळ्यांचा लोडर तिथंच अडतो म्हणून.
पुन्हा डोळे मिट. पंधरा.
पुन्हा. पंधरा.

कानस धरली की त्याचा हात स्थिर असतो.
कॉफीचा कप उचलताना मात्र बशी वाजते.
स्वतःचं रिव्हॉल्वर त्यानं तीन वर्षांपूर्वी
भाच्याला देऊन टाकलं.
का, ते मी विचारत नाही.
झाकली मूठ झाकलेली राहू दे.

रविवारी सहा पोलादी तबकड्या.
बझर वाजला, हात वर चढला, आणि मुठीची आठवणच झाली नाही.
(हेच तर हवं होतं, हे घरी आल्यावर सुचलं.)
पाच पडल्या.
सहावी हलली, विचारात पडली, उभीच राहिली.
एकोणीस जणांत अकरावी आले मी.

सोमवारी सकाळी पावणेसातला शाळेची बस.
तीस मुलं, एक उलटी, हायवेवर धुकं.
स्टिअरिंगच्या मागच्या बाजूला खाचा आहेत,
वर्षानुवर्षं तिथंच होत्या,
कुणातरी लांब बोटांच्या माणसासाठी.
मी हात जरासा वर सरकवते.

संध्याकाळी व्हर्लिनचा फोन.
खोकं माझ्याकडेच राहिलंय.
राहू दे, मी म्हणते, येईल कुणीतरी
त्यातल्या एखाद्या मापाचा हात घेऊन.
तो बराच वेळ गप्प. तिकडे बशी वाजते.
मग म्हणतो, पाचवा तरी घेऊन जा.
की सहावा?