पाखरानं लावलेली झाडं

एल्गन डोंगराच्या उतारावर, मक्याच्या दोन पट्ट्यांमध्ये
नासाम्बूच्या दारात मी फॉर्म घेऊन बसलो.
प्रश्न सातवा : झाडं का लावलीत?
सरपण, सावली, पैसा, इतर.

तिनं आधी चहा दिला, अर्धा दूध, अर्धी साखर.
मग सुपात शेंगा ओतल्या नि म्हणाली,
आमच्यात बाईनं झाड लावू नये.
लावलं की नवऱ्याचं आयुष्य खुंटतं.
मूळ सोडणं म्हणजे जमीन माझी म्हणणं.

मी फुली मारणार होतो,
पण तिच्या पाठीमागे चौदा सिल्व्हर ओक
बांधाला धरून उभे होते, सुतात.
ते होय? ते पाखरानं लावले.
चार-चार पावलांवर?
हिशेबी होतं पाखरू.

नंतर निघालं एकेक, शेंगेतून दाणा निघावा तसं.
त्या साली सरकारी रोपं फुकट वाटली,
पुरुषांनी नेली, टाळ्या झाल्या, शेळ्यांनी खाल्ली.
फुकटचं होतं, कुणाचं काय गेलं?
हिनं शाळेमागच्या झाडाखालचं बी वेचलं,
दुधाच्या पिशव्यांत रुजवलं चुलीमागे,
कारण ओढ्यापलीकडच्या सरपणात अर्धा दिवस जायचा
आणि भारा उचलायला नालियाकाची शाळा बुडायची.
अवसेच्या रात्री लावली सगळी.

तिसऱ्या दिवशी उठून बघते,
तर प्रत्येक रोपाला काट्यांचं कुंपण.
मी विचारलं नाही, खाएम्बानं सांगितलं नाही.
त्याच्या तळव्यांवर ओरखडे होते,
म्हणून त्या रात्री उगाली जरा निववून वाढली.

भावकी आली. दीर बांधावर उभा राहून म्हणाला,
ही कुणी लावली?
खाएम्बा म्हणाला, पाखरानं.
तेव्हापासून आम्ही दोघं तेच म्हणतो.

तो बघा. त्याच सावलीत सायकलचं पंक्चर काढतोय.
बासष्टचा झाला. आयुष्य काही खुंटेना.

प्रश्न आठवा : कोणी लावली? पुरुष / स्त्री.
मी पेन उघडंच धरून बसलो.
शेंगांची टरफलं पदरासारख्या कांग्यात गोळा करत
ती पलीकडच्या उताराकडे हनुवटीनं खूण करते :
नाफुनाच्या बांधावर नऊ.
मुलोंगोच्या आईकडे सहा, दोन मेली.
हल्ली या बाजूला
पाखरं फार झालीत.